क्रिकेटचे गेम बनवणाऱ्यांनो, बेसबॉलकडून चेंडू घ्या, दुकान घेऊ नका

प्रति,
भारतात क्रिकेटचे व्हिडिओ गेम बनवणारे सर्व लहान-मोठे स्टुडिओ

विषय: क्रिकेटचा गेम दरवर्षी काढायचा ठरवण्याआधी बेसबॉलच्या वार्षिक गेमकडून काय उचलावं आणि काय तिथेच ठेवावं

सप्रेम नमस्कार.

फुटबॉलचा गेम दरवर्षी निघतो, बास्केटबॉलचा निघतो, मग क्रिकेटचा का नको, हा हिशेब तुमच्यापैकी अनेकांनी मांडला असेल. आमची हरकत नाही. मात्र नक्कल करायची तर कोणाची, एवढं आधी ठरवा. क्रिकेटचा सख्खा भाऊ बेसबॉल आहे, फुटबॉल नाही. एक फेकतो, एक मारतो, आणि मधला वेळ अर्ध्या सेकंदाहून कमी. जळगावकडच्या शाळांच्या मैदानांवर सॉफ्टबॉल खेळलेल्या पोरापोरींना पिचर, कॅचर, बेस हे शब्द परके नाहीत, त्यामुळे इकडे हे समजावायला फार वेळ लागत नाही.

तेव्हा तुमच्या टेबलावर 'एमएलबी द शो' हा बेसबॉलचा गेम असायला हवा. एमएलबी म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात मोठी लीग. २००६ पासून सोनीचा सॅन डिएगोमधला स्टुडिओ हा गेम दरवर्षी, अमेरिकेतला मोसम सुरू व्हायच्या सुमारास काढतो. आधी तो फक्त प्लेस्टेशनवर होता, २०२१ मध्ये एक्सबॉक्सवर आणि २०२२ मध्ये स्विचवर आला. आमच्या मते खेळाच्या गेममध्ये चेंडू आणि बॅट यांची गाठ याच्याइतकी नीट कोणी घातलेली नाही. आणि दर वर्षी खेळाडूची कमाई पुसून टाकण्याची वाईट खोडही यालाच आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, आणि त्यासाठीच हे पत्र.

आधी बॅटिंग. बेसबॉलमध्ये पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पट्टीपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंत १८.४४ मीटर अंतर असतं. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचा फास्टबॉल हातातून सुटल्यापासून साधारण ०.४ सेकंदात पोचतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर ही झाली फक्त २४ चित्रं. एवढ्या वेळात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. 'द शो'मध्ये यासाठी तीन पद्धती आहेत. 'टायमिंग'मध्ये फक्त बटण वेळेवर दाबायचं. 'डिरेक्शनल'मध्ये चेंडू कुठे ढकलायचा ती दिशाही सांगायची. 'झोन'मध्ये कंट्रोलरच्या डाव्या काडीने (स्टिकने) एक गोल खूण स्ट्राइक झोनभर, म्हणजे मारण्याजोगा चेंडू ज्या चौकटीतून जातो तिच्यात, फिरवून चेंडू जिथे येईल तिथे न्यायची आणि बटणही वेळेवर दाबायचं. प्लेस्टेशनवर फुली म्हणजे साधा फटका, वर्तुळ म्हणजे जपून, चौकोन म्हणजे अंगातला सगळा जोर. जोर लावला की ती खूण लहान होते आणि जपून मारायचं ठरवलं की मोठी. खुणेचा आकार बॅटरच्या अंगच्या गुणांवरही ठरतो. नजर पक्की असलेल्याला मोठी खूण मिळते.

नवशिका 'टायमिंग'वर सुरुवात करतो, हात बसला की 'झोन'वर जातो, आणि गेम तोच राहतो. शिवाय बिगिनर, रूकी, व्हेटरन, ऑल-स्टार, हॉल ऑफ फेम, लेजंड अशा पायऱ्या आहेत, आणि हवं तर तुमच्या खेळाप्रमाणे पायरी आपोआप वरखाली होते. आपल्याकडच्या क्रिकेटच्या गेममध्ये बहुतेकदा दोनच गावं असतात: एका गावात दर चेंडूला षटकार आणि दुसऱ्या गावात दर चेंडूला दांडी. मधला रस्ता कोणी बांधलेलाच नाही.

आता त्या गेममधली आमच्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट. प्रत्येक फटक्यानंतर कोपऱ्यात एक छोटा तक्ता येतो. चेंडू झोनमध्ये कुठे होता, तुमची खूण कुठे होती, आणि बॅट 'व्हेरी अर्ली'पासून 'व्हेरी लेट'पर्यंत कोणत्या घरात पडली, हे तिथे दिसतं. फटका लागला असेल तर चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला तेही दिसतं. म्हणजे बाद झालात तर का, ते कळतं. खूण दोन बोटं खाली होती म्हणून चेंडू आभाळात गेला. बॅट लवकर फिरली म्हणून तो रेषेबाहेर ओढला गेला. पुढच्या चेंडूला काय सुधारायचं ते सांगायला मास्तर लागत नाही.

क्रिकेटमध्ये हाच तक्ता जास्त कामाचा ठरेल, कारण आपल्याकडे पायही असतो. म्हणून तीन गोष्टी दाखवा: पाय पुढे होता की मागे आणि चेंडूच्या टप्प्याला तो बरोबर होता का, बॅट किती मिलिसेकंद लवकर किंवा उशिरा आली, आणि चेंडू बॅटच्या कोणत्या भागावर लागला, म्हणजे कड, टोक, मधला भाग की मुठीजवळ. स्लिपमध्ये झेल गेला आणि पडद्यावर नुसतं 'आउट' आलं, तर खेळणाऱ्याला गेमने फसवल्यासारखं वाटतं. 'चेंडू ऑफ स्टंपबाहेर, पाय मागे, बॅट ४० मिलिसेकंद उशिरा' असं आलं तर तो स्वतःलाच चार शब्द सुनावतो आणि पुन्हा खेळायला बसतो.

इथेच 'द शो'चा एक दोषही आहे. सगळं बरोबर केलं, खूण चेंडूवर, वेळ अचूक, फटका कडक, तरी चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो. चिडून कंट्रोलर गादीवर आपटणारे जगभर आहेत. खरं तर बेसबॉल असाच आहे. मैदानात गेलेल्या दहा चेंडूंपैकी सातेक बादच होतात आणि अलीकडच्या काळात लीगची बॅटिंगची सरासरी (हिट भागिले बॅटिंगच्या संधी) .२५० च्या खालीच घुटमळते. गेमने ते खरं ठेवलं याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की निकालात बॅटरच्या गुणांचा वाटा किती, नशिबाचा किती आणि हाताचा किती, हे तक्ता सांगत नाही. अमुक वेगाने अमुक उंचीवर गेलेला चेंडू शंभरात किती वेळा हिट ठरतो, एवढा एक आकडा दिला तर अर्धा राग तिथेच निवतो. तुम्ही तो द्या. 'हा पुल शॉट या मैदानावर शंभरात ६० वेळा सीमापार जातो, आज डीप स्क्वेअर लेग तिथेच होता' असं वाचलं की हळहळ वाटेल, पण फसवणूक वाटणार नाही.

बोलिंगसाठी त्यांच्याकडे जुनी मीटरची पद्धत आहेच: बटण एकदा दाबून मीटर सुरू, वर जोरासाठी दुसऱ्यांदा, परत येताना रेषेवर तिसऱ्यांदा. पण २०२१ मध्ये आलेली 'पिनपॉइंट' पद्धत नीट अभ्यासावी अशी आहे. आधी चेंडूचा प्रकार निवडायचा, जागा धरायची, मग पडद्यावर दिसणारी आकृती उजव्या काडीने गिरवायची आणि पिचरचा हात सुटतो त्या क्षणी शेवटचा झटका द्यायचा. फास्टबॉलची आकृती सोपी, वळणाऱ्या चेंडूची वळणदार. आकृती किती हुबेहूब आली, कोणत्या गतीने गिरवली, आणि शेवटचा झटका कधी नि किती सरळ बसला, या तिन्हींवर चेंडू ठरल्या जागेच्या किती जवळ पडेल ते ठरतं. पिचर थकला की बरोबर गिरवूनही चेंडू भरकटू लागतो. थकलेल्या हाताचं दुखणं इथे खेळणाऱ्याच्या अंगठ्यापर्यंत पोचतं, आणि असं फार कमी गेमना जमलं आहे.

लेगस्पिनला हे किती चपखल बसेल बघा. गुगलीची आकृती लेगब्रेकच्या आकृतीसारखीच सुरू व्हावी आणि शेवटी उलटी वळावी. घाई केली तर फुलटॉस, झटका उशिरा बसला तर आखूड. काय बिघडतं तेही सांगतो. कंट्रोलरच्या काड्या झिजल्या की आपोआप एका बाजूला ओढतात आणि सरळ गिरवलेली आकृती तिरपी नोंदली जाते. त्यासाठी काडीच्या मधल्या निष्क्रिय पट्ट्याची रुंदी खेळणाऱ्याला बदलता आली पाहिजे. फोनवर अडचण वेगळी: अंगठ्याखाली चेंडूच झाकला जातो. आकृती गिरवायची जागा पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवा, डावखुऱ्यांसाठी ती डावीकडे हलवायची सोय द्या, आणि घामाने बोट घसरेल हे धरून थोडी सूट ठेवा.

एक फरक मात्र विसरू नका. बेसबॉलचा चेंडू हवेतूनच येतो. आपला टप्पा घेतो. म्हणून आपल्या गेममध्ये चेंडू पडण्याआधीच खेळपट्टीवर टप्प्याची खूण दाखवायची सवय लागली. ती खूण दिसली की फलंदाज चेंडू बघतच नाही, खूण वाचतो, आणि बॅटिंगचं रूपांतर फरशीवरचा ठिपका हेरण्यात होतं. सोप्या पायरीवर ती खूण राहू द्या. वर चढत जाल तशी ती उशिरा उमटू द्या आणि वरच्या दोन पायऱ्यांवर काढून टाका. बदल्यात बोलरचं मनगट आणि चेंडूची शिवण जवळून दिसेल असा कॅमेरा द्या. 'द शो'मध्ये चेंडू सुटताना हात कोणत्या कोनात आहे आणि शिवण कशी फिरते यावरून मुरलेला खेळाडू स्लाइडर, म्हणजे वेगात येऊन वळणारा चेंडू, ओळखतो, ते कॅमेरा पिचरवर नीट रोखलेला असतो म्हणून.

आता वेळेचा हिशेब, कारण खरी घाण इथेच होते. ०.४ सेकंदाच्या खेळात टीव्ही स्वतःच ५० ते १०० मिलिसेकंद खाऊ शकतो, कारण चित्र सुंदर करण्याची त्याची सगळी यंत्रणा चालू असते. म्हणजे २४ पैकी ३ ते ६ चित्रं गेली. खेळणाऱ्याने टीव्हीचा गेम मोड लावावा, हा उपाय आहेच. पण गेमनेही पहिल्यांदा उघडल्यावर एक साधी चाचणी घ्यावी. ठिपका रेषेवर आला की दहा वेळा बटण दाबायला सांगा, सरासरी उशीर मोजा आणि तेवढी सूट हिशेबात धरा. नाहीतर भुसावळच्या टीव्हीवर खेळणारा आणि मॉनिटरवर खेळणारा दोघे दोन वेगवेगळे गेम खेळतात.

फोनवर तर उन्हाचं गणित आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. फोन तापला की प्रोसेसर आपणहून हळू होतो आणि सेकंदाला ६० चित्रांची ४० होतात. तुम्ही 'तीन चित्रांच्या आत बटण दाबलं तर अचूक' असा नियम लिहिला असेल, तर ती सूट ५० मिलिसेकंदांवरून ७५ वर जाते. चेंडूची चालही चित्रांवर बांधली असेल तर चेंडूच रेंगाळतो. दुपारी शतक, रात्री भोपळा, आणि कारण काही सापडत नाही. म्हणून चेंडूचं भौतिकशास्त्र चित्रांच्या संख्येवर बांधू नका. ते ठरावीक वेळेच्या ठोक्यावर चालवा, आणि बोट पडद्याला लागलं तो नेमका क्षण फोनच्या घड्याळातून घ्या. चित्र अडखळलं तरी न्याय अडखळता कामा नये.

ऑनलाइनचंही तसंच. इथून अमेरिकेच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतात, म्हणजे चेंडूचा अर्धा प्रवास. सर्व्हर मुंबईत ठेवा हे पहिलं. दुसरं, बोलरने काय टाकायचं ठरवलं, त्याची आकृती किती बिघडली, ही सगळी माहिती रनअप संपायच्या आत फलंदाजाच्या फोनवर पाठवा. चेंडूचा प्रवास आणि फटका तिथेच ठरू द्या, आणि निकाल बोलरकडे परत पाठवा. बोलरला चेंडू पाव सेकंद उशिरा दिसला तर त्याचं काही बिघडत नाही. फलंदाजाला उशिरा दिसला तर खेळच संपला.

वीज जाते, हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक षटकानंतर जतन करा, आणि एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी दोन फाइलींत आलटून पालटून लिहा. लिहिता लिहिता वीज गेली तरी आधीचं षटक शाबूत राहतं. काम अर्ध्या दिवसाचं आहे.

आता दुकानाकडे येऊ. 'द शो'मध्ये 'डायमंड डायनेस्टी' नावाचा प्रकार आहे. खेळाडूंची कार्डं गोळा करायची, संघ बांधायचा आणि इतरांशी खेळायचं. ८५ गुणांपासून वरचं कार्ड डायमंड, त्याखाली गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ, कॉमन. चलनाचं नाव स्टब्ज. ते खेळून मिळतात आणि खऱ्या पैशानेही. आत एक बाजार आहे जिथे लोक आपापसात कार्डं विकतात आणि प्रत्येक विक्रीवर दहा टक्के कापले जातात. समजा एक कार्ड १,००० ला घेण्याची बोली लावली आणि १,३०० ला विकायला ठेवलं. ते विकलं गेलं की हातात येतात १,१७०, म्हणजे नफा १७०, तीनशे नव्हे. मार्केट यार्डात अडत आणि तोलाई वजा करून भाव मोजणाऱ्या माणसाला हे एका मिनिटात कळतं. खऱ्या मोसमात खेळाडू चांगला खेळला तर त्याच्या कार्डाचे गुण वाढतात. ८४ चा ८५ झाला की रंग बदलतो आणि किंमत उडी मारते, म्हणून ८३-८४ ची कार्डं धरून बसणारे लोक खरं बेसबॉल रोज बारकाईने बघतात. हा भाग आम्हाला मनापासून आवडतो. गेम माणसाला खऱ्या मैदानाकडे वळवतो. आणि पैसा न घालता केवळ खेळून चांगला संघ उभा करता येतो, हेही मान्य करायला हवं. इतर वार्षिक गेममध्ये ते फार कठीण असतं.

पण पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की हे सगळं शून्य. कार्डं तिथेच राहतात. हा प्रकार ऑनलाइन असल्याशिवाय उघडत नाही, आणि जुन्या आवृत्तीचे सर्व्हर काही वर्षांत बंद होतात, मग ती कार्डं बघताही येत नाहीत. २०२३ मध्ये तर वर्षाच्या आतच कार्डांना मुदत घातली होती: गेमने आखलेला छोटा मोसम संपला की त्यातली बहुतेक कार्डं स्पर्धेच्या सामन्यांत चालेनाशी व्हायची. खेळणाऱ्यांनी खूप आरडाओरड केली आणि २०२५ च्या आवृत्तीत ती मुदत गेली. पूर्वी एका आवृत्तीत सुरू केलेली कारकीर्द पुढच्या आवृत्तीत नेता यायची. ती सोय २०२१ मध्ये बंद झाली.

रावेर-यावलकडे केळीचा घड उतरवला की बुंध्याशी फुटलेलं एक जोमदार पिल ठेवतात, बाकीची कापतात, आणि पुढचं पीक त्याच मुळावर घेतात. त्याला पिलबाग म्हणतात. नवी लागवड नाही, कंदांचा खर्च नाही, मूळ आधीच खोल गेलेलं. बेसबॉलवाले दरवर्षी उभी बाग उपटतात, कारण कंद विकण्यात त्यांचा धंदा आहे. तुमचा धंदा तसा असायची गरज नाही.

पुरावा हवा असेल तर 'क्रिकेट ०७' बघा. ईए या गेम कंपनीने २००६ मध्ये काढलेला तो गेम आजही भारतभर खेळला जातो, कारण चाहते त्यात नवे संघ, नवे कपडे, नवी मैदानं भरत राहिले. कंपनीने दिलं नाही ते लोकांनी केलं. यातून दिसतं की दरवर्षी लागतो तो नवा गेम नव्हे, दरवर्षी लागते ती नवी यादी. आयपीएलच्या लिलावात खेळाडू इकडून तिकडे गेले की नावं, गुण, चेहरे आणि जर्सी बदलायच्या, एवढंच काम. इंजिन तीन वर्षं तेच ठेवा. संघांची नवी यादी दरवर्षी अल्प किमतीत द्या आणि जुनं सगळं त्यात चालू द्या. कन्सोलवरचा असा गेम पन्नास जीबीच्या पुढे असतो आणि रोजचा डेटा दीड-दोन जीबीच्या आसपास. नवा गेम उतरवायला महिना लागेल. यादी एका रात्रीत उतरते.

बेसबॉलच्या गेमांचं हे असं का झालं, त्यालाही कारण आहे. २००५ मध्ये टेक-टू या दुसऱ्या गेम कंपनीने एमएलबीशी परवान्याचा करार केला आणि ईएची लोकप्रिय 'एमव्हीपी बेसबॉल' मालिका एमएलबीच्या संघांना मुकली. टेक-टूची स्वतःची मालिका २०१३ च्या 'एमएलबी २के१३' वर थांबली. तेव्हापासून कन्सोलवर खऱ्या खेळाच्या जवळ जाणारा, खरे संघ असलेला एकच मोठा गेम उरला. शर्यतीत घोडा एकच असला की चाबूक कोणासाठी? दरवर्षीच्या आवृत्तीत बदल थोडे, फ्रँचायझीचा, म्हणजे संघाचा कारभार चालवण्याचा, प्रकार वर्षानुवर्षं दुर्लक्षित, संगणकाचे संघ अदलाबदलीत चक्रावणारे निर्णय घेतात, प्रेक्षकांचे चेहरे जुनेच. २०२५ मध्ये फ्रँचायझीत मोकळ्या खेळाडूंच्या खरेदीची पद्धत बदलली, तेवढं चांगलं झालं. क्षेत्ररक्षणात हालचाली अजून एकदा सुरू झाल्या की मध्येच तुटत नाहीत, म्हणून चेंडू शेजारून जातो आणि खेळाडू आपला झेपेचा नाच पुरा करत बसतो.

घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. २०२३ मध्ये त्यांनी 'स्टोरीलाइन्स' आणलं. वर्णभेदामुळे ज्यांना मोठ्या लीगमध्ये जागा नव्हती अशा निग्रो लीगमधल्या खेळाडूंचं आयुष्य त्यात आहे: सॅचेल पेज, बक ओनील, रूब फॉस्टर, जॅकी रॉबिन्सन आणि इतर. कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमचे प्रमुख बॉब केंड्रिक एकेक गोष्ट सांगतात, आणि मग तोच प्रसंग तुम्ही खेळता. पुढच्या वर्षी त्यात हँक आरन, जॉश गिब्सन आणि पुरुषांच्या संघात खेळलेली टोनी स्टोन आली. त्याच वर्षी कारकीर्दीच्या प्रकारात मुलीला खेळाडू करून वर चढवायची वाटही उघडली. इतिहास पुस्तकी न करता खेळायला कसा द्यायचा, याचा हा धडा आहे.

आपल्याकडे यासाठी साहित्य शोधत हिंडावं लागत नाही. बाळू पालवणकर घ्या. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची देखभाल करता करता साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकणारा दलित पोरगा. पुढे हिंदू संघाचा मुख्य डावखुरा फिरकी गोलंदाज झाला, तरी चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. पहिलं आव्हान असं द्या: ओल्या खेळपट्टीवर, फक्त डावखुऱ्या संथ फिरकीने, सहा षटकांत तीन बळी. किंवा भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या, आणि समोरच्या संघाने सामना सोडून दिला. गेममध्ये ती शेवटची दहा धावांची राहून गेलेली खेळी खेळायला द्या. १९७६ ला पाटण्यात भारतीय महिलांनी वेस्ट इंडिजविरुद्ध जिंकलेली पहिली कसोटी द्या.

समालोचनावर थोडं रेंगाळतो, कारण 'द शो'मध्येही ते कंटाळवाणं होतं. पन्नासेक सामन्यांत तीच वाक्यं तिसऱ्यांदा ऐकू येतात. तुम्ही मराठी समालोचन देणार असाल, आणि द्यावंच, तर इंग्रजीचा साचा वापरू नका. इंग्रजीत नाव एकदा ध्वनिमुद्रित केलं की कुठल्याही वाक्याला जोडता येतं. मराठीत नाव बदलतं: रोहित, रोहितने, रोहितला, रोहितच्या. नाव आणि प्रत्यय वेगळे मुद्रित करून जोडले तर 'रोहित… ने' असं रेल्वे स्टेशनावरच्या घोषणेसारखं ऐकू येतं. म्हणून प्रत्येक नाव चार रूपांत घ्या. तीनशे खेळाडू धरले तर बाराशे तुकडे. दीड सेकंदाचा एक म्हटलं तर अर्धा तास आवाज, आणि साध्या दर्जात फाइल चौदा-पंधरा एमबीची. ही भीती वाटण्यासारखी गोष्ट नाही.

लिंगाचंही बघा. 'रोहितने चौकार मारला' आणि 'स्मृतीने चौकार मारला' यांत क्रियापद तेच राहतं, पण 'रोहित बाद झाला' आणि 'स्मृती बाद झाली' हे बदलतं. तेव्हा जिथे क्रियापद असं बदलतं ती सगळी वाक्यं दोनदा मुद्रित करा. आकड्यांत इंग्रजीला शून्य ते एकोणीस आणि आठ दशक मिळून २८ तुकडे पुरतात, पुढचं जोडून होतं. मराठीत त्रेचाळीस, एकोणसत्तर, सत्याण्णव असे शंभरच्या शंभर वेगळे शब्द आहेत. त्यांना जोडणी चालत नाही. तेही दोन सुरांत हवेत, वाक्याच्या मधला आणि शेवटचा, नाहीतर 'सत्याण्णव' नंतर वाक्य संपल्यासारखं वाटतं आणि मागून 'धावांवर बाद' येतं. आणि समालोचक पुस्तकी नको. षटकार गेल्यावर एखादा 'गया भो, सीमापार गया!' म्हणाला तर धुळ्या-नंदुरबारात गेम दुप्पट वेळ उघडा राहील.

शेवटची विनंती चाचणीबद्दल. नवा गेम पहिल्यांदा तुमच्या एसी खोलीतल्या सगळ्यात महागड्या फोनवर तपासू नका. मे महिन्यात भुसावळला या, दुपारी दोन वाजता, चार जीबी रॅमचा तीन वर्षं वापरलेला फोन घ्या, बॅटरी वीस टक्क्यांवर आणा आणि वीस षटकांचा सामना पुरा खेळा. पहिल्या षटकात ताशी १४० किलोमीटरचा चेंडू खेळायला जी सूट होती तीच विसाव्या षटकात आहे का, ते घड्याळ लावून मोजा. फरक पाच मिलिसेकंदांहून जास्त निघाला तर नव्या जर्सीचं काम बाजूला ठेवून आधी तो काढा.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले, बॅट आणि कंट्रोलर दोन्ही हाताळणारे काही खेळाडू